रविवारच्या खेळातली नवरी

पोलीस ठाणे, ब्रेकन फॉल्स, मिनेसोटा
रविवार, दि. १३ मार्च १९९४
जबाब देणार : डोरीन हाल्वर्सन, वय ६१ वर्षे, धंदा : बायकांचे केस कापण्याचे दुकान, राहणार : दुकानाच्या वरचा मजला, मेन स्ट्रीट, ब्रेकन फॉल्स
लिहून घेणार : अंमलदार क्लेटन रूड

मी ठाण्यात समक्ष येऊन, विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर एकटी राहते आणि गावच्या हौशी संगीत नाटक मंडळीत अठरा वर्षं काम करते. भांडखोर शेजारणी आणि पाद्र्यांच्या बायका एवढंच माझ्या वाट्याला येतं. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. माझी तक्रार अशी की आज दुपारी तीनच्या सुमारास, नगरभवनात, दीडशे माणसांच्या डोळ्यांदेखत, चालू खेळातून रोझान टिबेट हिला एक माणूस उचलून घेऊन गेला. ती अजून सापडलेली नाही. रस्त्यावर दोन गाड्या पाठवल्या आहेत असं अंमलदाराने सांगितलं. मी म्हटलं, तूही जा, जबाब मी भिंतीला सांगते. त्याने मला कॉफी दिली आणि पहिल्यापासून सांगायला सांगितलं.

मी बोलेन तसंच लिहायचं, या अटीवर सांगते. क्लेटनच्या डोक्याला पहिली कात्री माझी लागली आहे, म्हणून त्याने अट मान्य केली. तरी खाली कुठे 'सदर इसम' आलं असेल तर तो शब्द त्याचा, माझा नाही.

रोझान तेहतीस-चौतीस वर्षांची असेल. दीड वर्षापूर्वी गावात आली आणि वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात कामाला लागली. कुठची म्हणून विचारलं तर "पूर्वेकडची" म्हणायची आणि पुढचा बटाटा सोलायला घ्यायची. मंडळीत आली ती कपडे शिवायला. शिवता शिवता गुणगुणायची, ते मास्तरांच्या कानावर पडलं. मास्तर म्हणजे वेंडेल ओस्टबी, शाळेत संगीत शिकवायचे, आता निवृत्त. नाटक तेच लिहितात, चाली तेच लावतात, बसवतातही तेच. यंदाचं 'गिरणीवाल्याची नवरी' त्यांचंच. त्यांनी तिला नवरी केलं. ती हो म्हणायला तीन आठवडे लागले, आणि हो म्हणाली ते एका अटीवर की कुठे फोटो छापायचा नाही.

जानेवारीत मी तिला खोट्या वेणीचा टोप बसवायला दुकानात बोलावलं. टोप बसवायचा तर खालचे केस विंचरून पाहावे लागतात. मागच्या बाजूला, कानाच्या वर, तिला केसच नव्हते. अंगठ्याएवढी जागा, गुळगुळीत. असे डाग मी याच गावातल्या पाच-सहा डोक्यांवर पाहिले आहेत आणि ते कुणाच्या मुठीने पडतात ते मला ठाऊक आहे. मी विचारलं नाही. टोपाची पट्टी बोटभर खाली घेतली, म्हणजे जागा झाकली गेली. ती आरशातून माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "डोरीन, तू किती कमी बोलतेस." हे मला आयुष्यात दुसऱ्या कुणी म्हटलेलं नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी आमच्या साप्ताहिकात पहिल्या पानावर फोटो आला. पांढऱ्या झग्यातली रोझान, गिरणीवाल्याच्या खांद्यावर पोत्यासारखी टाकलेली, आणि तोंडभर हसू. मास्तरांनीच दिला होता. मी त्यांना धारेवर धरलं तर म्हणाले, "अगं, नवरीच दाखवली नाही तर तिकिटं काय माझ्या टकलावर विकू?" हे साप्ताहिक कुठपर्यंत जातं, एवढंच रोझानने विचारलं. मास्तर छाती फुगवून म्हणाले की मिनिआपोलिसच्या मोठ्या पेपरनेसुद्धा उचललाय, रविवारच्या पानावर. ती कपड्यांच्या पेटाऱ्यावर बसली आणि बराच वेळ उठली नाही.

मी तिला बाजूला घेऊन म्हटलं की नको करूस काम, मास्तरांना मी बघून घेते. ती म्हणाली, "नाही डोरीन. मी दर वेळी अशीच निघून जाते. या वेळी मला करायचंय." म्हणून मी गप्प बसले.

खेळ चार ठरले होते. गुरुवार, शुक्रवार, शनिवार रात्री आणि आज रविवारी दुपारी. सदर इसम पहिल्या तिन्ही खेळांना हजर होता. तिसरी रांग, कडेची खुर्ची. वय चाळीसच्या आसपास, नीटनेटका, केस शहरातल्या न्हाव्याने कापलेले. नाव टॉम वेब सांगितलं. शेतीची यंत्रं विकतो, कामासाठी हायवेवरच्या मोटेलात उतरलोय असं म्हणाला. रंगमंचावरून आम्हाला दिव्यांपुढे फक्त पहिली रांग दिसते, पण हसू सगळ्यांचं ऐकू येतं. त्याचं हसू मला शुक्रवारपासून ओळखू यायला लागलं, कारण तो विनोद यायच्या आधी हसायचा.

खेळ संपला की आम्ही सगळे रंगलेल्या तोंडानिशी बाहेरच्या व्हरांड्यात ओळीने उभे राहतो आणि येईल त्याच्याशी हात मिळवतो. ही मंडळीची पहिल्यापासूनची पद्धत. रोझान कधी उभी राहिली नाही. मी लोकांना सांगायची की तिचे पाय दुखतात. शुक्रवारी त्याने माझा हात हातात घेऊन विचारलं, "नवरी कुठाय?" मी म्हटलं, पाय दुखतात तिचे. तो म्हणाला, "हो, दुखतात तिचे." मला वाटलं किती समजूतदार माणूस आहे. नंतर त्याने सगळ्या खुर्च्या रचायला मदत केली, आमची पियानोवाली फर्न हिने केलेल्या लिंबाच्या वड्या चार खाल्ल्या आणि पाचवी रुमालात बांधून नेली. मास्तर तर त्याच्यावर लट्टूच झाले. आमच्याकडे बायका पंधरा आणि पुरुष पाच, त्यातले दोघे ऐकायला कमी येणारे. खुर्च्या उचलणारा धडधाकट पुरुष दिसला की मास्तर त्याला पुढच्या वर्षीचं काम देऊनच सोडतात.

गिरणीवाल्याचं काम लायल क्विस्ट करतो, हार्डवेअरच्या दुकानवाला. आज सकाळी पेपर आणायला तो दाराबाहेर आला आणि स्वतःच्याच पायऱ्यांवरून घसरला. मांडीचं हाड मोडलं. आता ऐक क्लेटन, हे नीट लिही. चार दिवसांत बर्फ पडलेला नाही, पाऊस नाही. लायलची बायको आर्डिस हिने काल संध्याकाळी पायऱ्यांवर मीठ टाकलं होतं, ती तसं शपथेवर सांगेल. सकाळी खालच्या तीन पायऱ्या काचेसारख्या गोठलेल्या होत्या आणि वरच्या कोरड्या. आणि तिची गॅरेजमधली बादली अंगणात पालथी पडली होती. पायऱ्यांवर पाणी कुठून आलं ते तुम्ही शोधा. आम्ही सकाळी त्याला लायलचं नशीब म्हटलं.

शेजारच्या कुठल्याही मंडळीने आजचा खेळ रद्द केला असता. पण तिकिटं संपली होती आणि वृद्धाश्रमाची बस भरून येणार होती. मास्तरांना एकच माणूस आठवला, ज्याने खेळ तीनदा पाहिला होता. त्यांनी मोटेलात फोन लावला. नंतर आम्हाला कौतुकाने सांगत होते की पहिल्याच घंटेला उचलला आणि गिरणीवाल्याचं गाणं फोनवरच म्हणून दाखवलं, एक शब्द इकडचा तिकडे नाही.

कुणाला उचलायचं असेल तर पडदा उघडायच्या आधी एकदा उचलून बघायचं, हा आमच्याकडे नियम आहे. आज ते झालं नाही. रोझानची वृद्धाश्रमातली पाळी दीडपर्यंत होती. ती पळतच आली तेव्हा तिच्या अंगाला कांद्याच्या सूपचा वास येत होता. मी मास्तरांना म्हटलं की एकदा उचलून बघू द्या, तर म्हणाले, "उचलायला काय लागतं, आख्खी पोर सव्वाशे पौंडांची नाही." मग मी तिला खुर्चीत बसवलं आणि वेणी लावायला घेतली. पुरुषांची खोली तळघरात, बॉयलरपाशी, आणि आमची वर दुसऱ्या टोकाला. तो तिला दिसायचा प्रश्नच नव्हता.

मी तिला सांगितलं की लायल पडला, आज टॉम करतोय. तिने विचारलं, "कोण टॉम?" मी म्हटलं, अगं तो तिसऱ्या रांगेतला, रोज येतो, सगळं पाठ आहे त्याला. तिने माझं मनगट धरलं. "रोज येतो?" मी म्हटलं, चांगला आहे गं, खुर्च्या उचलतो. तिने विचारलं दिसतो कसा. तेवढ्यात फर्नने पहिल्या सुरावर बोटं टाकली. मी म्हटलं, "दाढी लावून पीठ फासलं की सगळे सारखेच दिसतात." हे वाक्य मी बोलले आहे, ते गाळू नकोस. तिने डोळे मिटून घेतले, मग हसली आणि म्हणाली, "मी दर वेळी घाबरते आणि दर वेळी कुणीच नसतं." मी शेवटचा चिमटा लावला. एकूण बावीस लावले होते, कारण उलटं लटकल्यावर वेणी निघून पडायला नको.

पहिल्या अंकात गिरणीवाला आणि नवरी समोरासमोर येत नाहीत. त्याचं गाणं होतं तेव्हा ती आत कपडे बदलत असते. गाणं छान झालं. आवाज चांगला होता त्याचा, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या अंकात गावचा चौक. मी पाद्रीणबाई, हातात अंड्यांची टोपली. गिरणीवाला मागून येतो आणि म्हणतो, "चल पोरी, जातं थांबलंय." नवरी वळून म्हणते, "मी नाही येत जा, तुझ्या कानातसुद्धा पीठ आहे," आणि लोक हसतात. आज त्याने त्याचं वाक्य म्हटलं. ती वळली आणि काहीच बोलली नाही. मी तिच्यापासून दोन हातांवर होते. तिच्या तोंडावरचा रंगसुद्धा पांढरा पडल्यासारखा वाटला. मग ती म्हणाली, "रसेल."

लोक हसले. नाटकात रसेल नावाचं कुणी नाही. हौशी मंडळीत असं होतं, नट नाव विसरतो आणि तोंडात येईल ते ठोकून देतो. लोकांना ते संवादापेक्षा जास्त आवडतं. मलाही वाटलं ही अडकली. आमच्यात जो अडकला त्याला सोडवायचं असतं, कसंही करून पुढे ढकलायचं, खेळ थांबू द्यायचा नाही. मास्तरांनी आम्हाला दुसरं काही शिकवलं नसेल पण हे शिकवलंय. मी म्हटलं, "अगं जा की, जेवणाची वेळ झाली," आणि तिला पाठीत टोपलीने ढकललं. त्याच्याकडे.

त्याने तिला उचलून खांद्यावर टाकलं. ती त्याच्या पाठीवर मुठी मारायला लागली आणि ओरडायला लागली, "खाली ठेव मला, कुणीतरी अडवा याला." नाटकात हेच शब्द आहेत. तिला त्या वेळी दुसरे कुठले सुचणार होते, आणि सुचले असते तरी काय वेगळे असते. आम्ही बाकीच्या बायका 'जा गं बाई जा' हे गाणं म्हणत रुमाल हलवायला लागलो. या गाण्याला प्रेक्षकही रुमाल हलवतात, त्यासाठी घरून घेऊन येतात. आज सगळ्या सभागृहाने हलवले. क्लेटन, तुझी आई पहिल्या रांगेत होती आणि तिच्याकडे दोन होते. तो तिला घेऊन डाव्या बाजूने आत गेला. जाताना तिचं डोकं खाली होतं आणि ती माझ्याकडे बघत होती. मी गात होते.

गाणं संपलं की नवरीने परत यायचं असतं. आली नाही. फर्नने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, तिने गाणं पुन्हा धरलं. पुन्हा संपलं, पुन्हा नाही. तिसऱ्यांदा मी मध्ये जाऊन नाचले. टोपली डोक्यावर ठेवून, झगा गुडघ्यापर्यंत उचलून, एकसष्ट वर्षांची बाई. लोक उभे राहिले. अठरा वर्षांत माझ्यासाठी कधी कुणी उभं राहिलं नव्हतं. चौथ्यांदा गाणं धरलं तेव्हा मी नाचत नाचत आत गेले, तिच्या नावाने दोन शिव्या देऊन तिला बाहेर ओढायला.

आत कुणी नव्हतं. मागचं सामान आणायचं मोठं दार सताड उघडं होतं आणि गार वारा आत येत होता. दाराच्या कडीला वेणी लटकत होती. वेणीला बावीस चिमटे होते आणि बहुतेकांत केस होते.

मी परत रंगमंचावर गेले आणि म्हटलं की गाणं थांबवा, पोलिसांना बोलवा, तो तिला घेऊन गेला. लोक हसले आणि रुमाल हलवायला लागले. मी पुन्हा म्हटलं. आणखी हसले. शेवटी मी डोक्यावरचा टोप उपटून फेकला आणि तुझ्या आईला नाव घेऊन म्हटलं, "मार्जी, हसू नको." ती थांबली. मग बाकीचे थांबले. तेवढ्यात किती वेळ गेला ते मला विचारू नको. तीन गाण्यांएवढा आणि एका नाचाएवढा गेला.

इथे वायरलेसवर निरोप आला म्हणून जबाब थांबवला. अर्ध्या तासाने पुढे सुरू केला.

मधल्या वेळात असं झालं की हायवेवर पेट्रोल पंपापाशी आपल्या माणसांना गाडी दिसली. त्यांनी थांबवली. सदर इसमाने काही आढेवेढे घेतले नाहीत. गावातली माणसं काळजीत असतील तर परत जाऊन सांगून येऊ, असं तोच म्हणाला. दोघं माझ्यासमोर ठाण्यात आले. त्याने दाढी काढली होती, तोंड पुसलं होतं. तिच्या अंगावर तोच पांढरा झगा, वर त्याचा कोट. त्याचा हात तिच्या खांद्यावर होता. त्याने क्लेटनशी हात मिळवला, गाडीचा परवाना दाखवला. नाव रसेल पेल्की, गाव ओहायोतलं. म्हणाला, ही माझी बायको, दोन वर्षांपूर्वी रुसून गेली, पेपरात फोटो पाहिला, वाटलं जरा गंमत करावी. मग माझ्याकडे वळला. "डोरीन, काय नाचलात म्हणे तुम्ही. गाडीपर्यंत टाळ्या ऐकू येत होत्या."

क्लेटनने तिला त्याच्यासमोरच विचारलं. चुकलास तू, पण तुझी नोकरी नवी आहे. ती म्हणाली, "मी माझ्या मर्जीने घरी चालले आहे. सगळ्यांना त्रास झाला, माफ करा." ही दोन वाक्यं तिने क्लेटनच्या कपाळाकडे बघत म्हटली. समोरच्याच्या डोळ्यात बघवत नसेल तर कपाळाकडे बघून संवाद म्हणायचा, हे मास्तर नवख्यांना पहिल्या दिवशी शिकवतात. समोरच्याला फरक कळत नाही. शेजारी उभ्या असलेल्याला कळतो.

क्लेटन मला बाजूला घेऊन म्हणाला, "डोरीन, बाई सज्ञान आहे. नवऱ्याबरोबर जाते म्हणते. दीडशे लोक सांगतील की ते नाटक होतं. मी कोणत्या कलमाखाली अडवू? जबाब इथेच मिटवायचा का?" मला त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली. पण मी म्हटलं, मिटव. फक्त आधी आमचा झगा परत दे.

मंडळीचा कपडा अंगावर घालून कुणी घरी जात नाही, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. तो म्हणाला, "किंमत सांगा, आत्ता देतो." मी म्हटलं, फर्नच्या आजीच्या लग्नाचा झगा आहे, नॉर्वेहून बोटीतून आलाय, विकायचा नाही. तो म्हणाला, पोस्टाने पाठवतो. मी म्हटलं, पाठीला बारीक कापडी गुंड्यांची रांग आहे, ओढल्या तर फाटतो, त्या काढायला बाई लागते. तो म्हणाला, "मी काढीन. बायको आहे ती माझी." हे म्हणताना पहिल्यांदा त्याच्या तोंडावर हसू नव्हतं. क्लेटनचं तोंड उघडलं, आणि तो काय बोलणार होता कुणास ठाऊक. तेवढ्यात महिला अंमलदार इंगा सोलेम, जी इतका वेळ टाइपरायटरमागे बसली होती, ती उठली, बायकांच्या स्वच्छतागृहाचं दार उघडून उभी राहिली आणि म्हणाली, "बायकांनी आत जावं." आम्ही आत गेलो. मी कडी लावली.

इथून पुढचा जबाब मी बंद दाराआडून सांगते आहे आणि क्लेटन बाहेर स्टुलावर बसून लिहितो आहे.

मी तिला आरशाकडे तोंड करून उभं केलं आणि वरून एकेक गुंडी काढायला लागले. काही विचारलं नाही. कोट बाजूला झाला तेव्हा तिची मान दिसली. मानेवर पीठ होतं. गिरणीवाल्याच्या हातांना पीठ फासलेलं असतं. एका बाजूला चार बोटं आणि दुसऱ्या बाजूला अंगठा, छापल्यासारखं स्वच्छ, आणि पिठाच्या कडेने लाल. मी हात लावला नाही. इंगाला कॅमेरा घेऊन आत घेतलं, तिने फोटो काढले आणि ती बाहेर गेली. ते फोटो या जबाबाला जोडावेत.

सातव्या-आठव्या गुंडीला रोझान बोलायला लागली. गाडीत त्याने तिला तिच्या धाकट्या बहिणीचा पत्ता सांगितला. बहीण वेस्ट व्हर्जिनियात असते, नवीन घर घेऊन वर्षसुद्धा झालेलं नाही. मग बहिणीच्या मुलीच्या शाळेच्या बसचा नंबर सांगितला आणि ती कोणत्या कोपऱ्यावर उतरते तेही. मग म्हणाला, ठाण्यात गेल्यावर दोनच वाक्यं बोलायची. ती त्याने तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतली. दुसऱ्या वेळी तिचा आवाज कापला, म्हणून तिसऱ्यांदा. हे सांगताना ती मला म्हणाली, "डोरीन, मला अभिनय येतो की नाही?" मी म्हटलं, तुझ्याइतका या गावात कुणालाच येत नाही. आणि मग मला रडू आलं, तिला नाही.

बहिणीचा पत्ता मी दाराच्या फटीतून इंगाला सांगितला आहे. तिकडच्या पोलिसांना आत्ता फोन करून त्या घरी माणूस पाठवा, मगच पुढचं. इंगा म्हणते की फोन लागला आहे आणि माणूस निघाला आहे. ही गोष्ट रोझानने तिच्याकडून दोनदा वदवून घेतली.

बाहेर रसेल पेल्की बाकावर बसला आहे असं क्लेटन म्हणतो. तो 'जा गं बाई जा' गुणगुणतो आहे ते आम्हाला आत ऐकू येतंय. मघाशी त्याने येऊन दार वाजवलं. हळू, एका बोटाने, आणि म्हणाला, "रोझान, झालं का? अंधार पडायच्या आत निघू." ती माझ्यामागे भिंतीला लागून उभी राहिली. क्लेटनने त्याला परत जाऊन बसायला सांगितलं. तो पहिल्यांदा हललाच नाही, मग गेला. क्लेटन, आता तू त्याच्या आणि या दाराच्या मध्ये उभा राहा आणि जागचा हलू नको. हे पण लिही.

झगा मी काढला नाही. वरच्या दहा गुंड्या सोडल्या होत्या त्या परत लावल्या. फर्नचं काय ते मी बघून घेईन.

वरचा जबाब क्लेटन रूड याने दाराबाहेरून मोठ्याने वाचला, मी आतून शब्दन् शब्द ऐकला. सगळं मी म्हटलं तसं आहे, एकही शब्द मागे घेत नाही. कागद दाराखालून आत सरकवला, बेसिनच्या कडेवर ठेवून सही केली आणि तसाच बाहेर दिला.

(सही) डोरीन हाल्वर्सन
समक्ष : क्लेटन रूड, अंमलदार

सहीनंतर माझ्या सांगण्यावरून एवढं आणखी लिहिलं : दार आम्ही उघडणार नाही, पण रोझानला तिचा स्वतःचा जबाब द्यायचा आहे. नवा कागद घे क्लेटन, आणि दाराला कान लाव, ती हळू बोलते.